वारबुर्ग यांचे अर्धे सत्य

कर्करोगाची पेशी साखरेवर पोसते, तेव्हा साखर तोडली की रोग उपाशी मरेल, अशी समजूत सुशिक्षित घरांतही आढळते. आजाराने आधीच खंगलेल्या रुग्णाच्या ताटातून मग एकेक पदार्थ उचलला जातो. या समजुतीला ज्यांच्या नावाचा आधार दिला जातो, त्या ओटो वारबुर्ग यांचे चरित्र म्हणूनच नीट पाहिले पाहिजे.

वारबुर्ग यांचा जन्म १८८३ साली जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे झाला. वडील नामवंत भौतिकशास्त्रज्ञ. एमिल फिशर यांच्या हाताखाली १९०६ मध्ये त्यांनी रसायनशास्त्राची आणि १९११ मध्ये हायडेलबर्ग येथे वैद्यकाची डॉक्टरेट मिळविली. पहिल्या महायुद्धात ते घोडदळात लढले. प्रयोगशाळेत परत यावे, अशी गळ १९१८ मध्ये खुद्द आइन्स्टाइन यांनी त्यांना पत्राने घातली.

१९२० नंतरच्या दशकात त्यांनी अर्बुदाच्या पातळ चकत्यांचे श्वसन मोजले. निरोगी ऊतींतील बहुतेक पेशी प्राणवायू असताना ग्लुकोजचे पूर्ण ज्वलन करतात. अर्बुदाच्या पेशी मात्र प्राणवायू मुबलक असूनही बरेचसे ग्लुकोज लॅक्टिक आम्लात रूपांतरित करून टाकून देतात, असे त्यांना आढळले. १९३१ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले, ते श्वसनाच्या विकरावरील संशोधनासाठी. पित्याच्या ज्यू वंशामुळे १९४१ मध्ये त्यांना पदावरून दूर करण्यात आले. परंतु लवकरच ते पुन्हा कामावर रुजू झाले. पेशीच्या श्वसनातील बिघाड हेच कर्करोगाचे मूळ कारण, हा आग्रह त्यांनी १९६६ च्या लिंडाऊ येथील व्याख्यानातही सोडला नाही. १९७० मध्ये बर्लिन येथे ते निवर्तले.

त्यांचे निरीक्षण खरे ठरले. पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी ग्लुकोजसदृश द्रव्य अर्बुदात साचते आणि रोगाचा ठावठिकाणा लागतो, तो याच गुणामुळे. निष्कर्ष मात्र टिकला नाही. बहुतेक कर्करोगपेशींची श्वसनयंत्रणा शाबूत असते, हे पुढे स्पष्ट झाले. शिवाय ग्लुकोज आटले, की या पेशी ग्लुटामिन हे अमिनो आम्ल वापरतात, मेदाम्ले जाळतात, शेजारच्या पेशींनी टाकलेले लॅक्टिक आम्लही उचलतात, आणि अगदीच ओढ लागली तर स्वतःचेच घटक मोडून गुजराण करतात. एका वस्तूची टंचाई झाली की पर्यायी वस्तूकडे वळावे, हा बाजाराचा नियम पेशीलाही ठाऊक आहे.

उलट, रुग्णाने साखर सोडली तरी रक्तातील साखर संपत नाही. यकृत ती स्नायूंतील प्रथिनांपासून तयार करते. म्हणजे उपासाची किंमत रोग देत नाही, रुग्ण देतो. आणि वजन घटलेल्या शरीराला उपचार सोसणे जड जाते.

पेशीची रसद तोडण्याचा मार्ग मुळातच खोटा आहे, असे नव्हे. रक्ताच्या एका प्रकारच्या कर्करोगातील पेशींना अ‍ॅस्परजीन हे अमिनो आम्ल स्वतः पुरेसे बनविता येत नाही. ते रक्तातून नाहीसे करणारे औषध मुलांच्या उपचारात दीर्घकाळ वापरले जात आहे. परंतु तेथे नाकेबंदी नेमकी आहे आणि पर्यायाची वाट बंद आहे. सरसकट उपासमारीत यांपैकी काहीच नसते.

एका थोर संशोधकाला आपल्या सत्याची मर्यादा दिसली नाही, ही चूक क्षम्य म्हणता येईल. तीच चूक आज रुग्णाच्या ताटावर वसूल करणे मात्र क्षम्य नाही. त्या ताटात काय असावे, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी ठरवावे. अर्ध्या सत्याने नव्हे.