लाव्हाचं कोडं सोडवणारा ब्लॅनफर्ड

पारोळ्याच्या किल्ल्यात फिरायला जाल, तेव्हा आसपासचा काळा दगड जरा निरखून बघा. हा बेसॉल्ट, म्हणजे गोठलेला लाव्हा. पण तो गोठला कुठे? पाण्यात की उघड्यावर?

या वादात विल्यम ब्लॅनफर्ड उतरला. जन्म १८३२, लंडन. १८५५ मध्ये, म्हणजे जवळपास तुमच्याच वयात, तो भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात रुजू झाला. पुढे त्याने आपलं तापीचं खोरं पालथं घातलं.

लाव्हाच्या थरांमध्ये गोड्या पाण्यातल्या शंखांचे जीवाश्म सापडायचे. त्यामुळे लाव्हा मोठ्या सरोवरात ओतला गेला, असं काही जण मानत. ब्लॅनफर्डला ते पटेना. १८६७ मध्ये त्याने मांडलं, की लाव्हा उघड्या जमिनीवर पसरला. तळी मधल्या काळातली, लहान आणि उथळ.

आज आपल्याला यामागचं भौतिकशास्त्रही माहितीय. पाणी उष्णता झटकन ओढून घेतं, लाव्हाची साल काचेसारखी गोठते. आतला रस मात्र तापलेलाच राहतो. तो साल फोडून बाहेर येतो आणि उशांसारखे गोळे बनतात. असे गोळे मुंबईत काही ठिकाणी दिसतात. खान्देशात मात्र बहुतेक सपाट थरच थर.

तापी खोऱ्यावरचा त्याचा अहवाल १८६९ मध्ये आला. १९०५ मध्ये तो गेला. त्याचा पुरावा अजून तुमच्या पायाखाली आहे.