छंदाचे मोल : पंडित विष्णु नारायण भातखंडे

शाळेचा अभ्यास आटोपून एखादा विद्यार्थी सतार किंवा मॅन्डोलिन हाती घेतो, तेव्हा घरातील वडील मंडळींच्या मनात एक शंका सहज उभी राहते. या नादाने मुलाचे पुस्तकाकडे दुर्लक्ष तर होणार नाही ना? ही शंका अगदीच निराधार आहे, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु केवळ आवडीखातर वाद्य शिकू लागलेल्या एका विद्यार्थ्याचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. ते वाचून ज्याने त्याने आपला निर्णय करावा.

विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म मुंबईत वाळकेश्वर येथे १० ऑगस्ट १८६० रोजी, गोकुळाष्टमीच्या दिवशी झाला. लहानपणी ते बासरी वाजवीत. पुढे विद्यार्थिदशेत त्यांना सतारीची गोडी लागली. वल्लभदास दामुलजी या जाणत्या वादकापाशी ते सतार शिकू लागले. त्या काळी गाणेबजावणे हा पेशेवाल्यांचा विषय समजला जाई. पांढरपेशा घरातील मुलाने त्यात लक्ष घालावे, हे लोकांना रुचत नसे. तरीही या तरुणाने सतार सोडली नाही, आणि सतारीसाठी अभ्यासही सोडला नाही. १८८४ साली ते मुंबईच्या गायन उत्तेजक मंडळीत दाखल झाले. १८८५ साली बी. ए. व १८८७ साली वकिलीची परीक्षा उतरले.

ज्यांनी कोणतेही तंतुवाद्य हाती धरले असेल, त्यांना ठाऊक आहे की पहिले काही महिने बोटे दुखतात, तार नीट लागत नाही आणि सूर मनासारखा निघत नाही. परंतु सतारीच्या दांडीवर सुरांची स्थाने पडद्यांनी डोळ्यांसमोर मांडलेली असतात. एका पडद्यापासून दुसऱ्याकडे जाताना शिकणारा आपोआप विचार करू लागतो. भातखंडे यांनाही प्रश्न पडू लागले. एकाच नावाचा राग दोन गवई दोन तऱ्हांनी का गातात? रागाचे नियम कोठे लिहिले आहेत काय? घराण्याची विद्या हीच ज्यांची उपजीविका, ते ती सहसा बाहेर देत नसत. भातखंडे यांचे पोट वकिलीवर चालत असल्यामुळे मिळालेली विद्या झाकून ठेवण्याचे त्यांना कारण नव्हते. छंदाचा हा केवढा लाभ!

१९०० साली त्यांची पत्नी व १९०३ साली एकुलती कन्या निवर्तली. घर शून्य झाले. या आघाताने खचून न जाता त्यांनी उरलेले आयुष्य संगीताच्या शोधाला वाहिले. १९०४ साली ते दक्षिणेत गेले व तेथील बहात्तर मेळांची पद्धती त्यांनी अभ्यासिली. १९०७ साली केलेल्या प्रवासात ते आपल्या नागपुरासही आले होते. जुन्या पोथ्या पाहाव्या, गवयांना भेटावे, चिजा मिळवाव्या, हाच त्यांचा उद्योग होता. मिळालेल्या चिजा त्यांनी स्वरलिपीत उतरवून क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत छापल्या. आणि हिंदुस्थानी रागांचे विवेचन गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपाने सोप्या मराठीत चार भागांत लिहिले. त्यांतील काही ग्रंथांवर त्यांनी आपले खरे नावही घातले नाही.

रागांची त्यांनी दहा थाटांत वाटणी केली. सर्व राग या वाटणीत नीट बसत नाहीत, असा आक्षेप जाणत्यांनी घेतला आहे, व तो खोटा नाही. तरीही नवशिक्याला हाती धरून नेणारी ही वाट शतकाहून अधिक काळ उपयोगी पडत आली आहे. १९१६ साली बडोद्यास त्यांच्या प्रयत्नाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. १९१८ साली ग्वाल्हेरीस व १९२६ साली लखनौस संगीत विद्यालये निघाली. लखनौच्या विद्यालयाला पुढे त्यांचेच नाव मिळाले, आणि आज ते विद्यापीठ झाले आहे. १९३३ साली अर्धांगवायूने त्यांना अंथरुणास खिळविले. १९ सप्टेंबर १९३६ रोजी त्यांचा अंत झाला.

प्रत्येक छंदी मुलगा भातखंडे होईल, असे आम्ही सुचवीत नाही. बहुतेकांना वाद्यापासून दिवसाच्या शेवटी अर्धा तास निर्मळ आनंद मिळेल, आणि तेवढाही थोडा नव्हे. पालकांना आमची विनंती इतकीच की, अभ्यासाची वेळ पाळणाऱ्या मुलाच्या हातातील वाद्य काढून घेऊ नये. आणि विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवावे की, भातखंडे यांनी सतार व परीक्षा या दोहोंपैकी एकीलाही फसविले नाही.