पुण्याचा पहिला जगज्जेता

बिलियर्ड्समध्ये जगज्जेतेपद पटकावणारे पहिले भारतीय विल्सन जोन्स यांचा जन्म १९२२ मध्ये पुण्यात झाला. या खेळात नेम जितका महत्त्वाचा, तितकाच क्यूचा सरळपणा. ॲश वा मेपलचे लाकूड पावसाळ्यात ओल शोषून फुगते, उन्हाळ्यात आकसते. हा फरक लांबीपेक्षा जाडीत अधिक पडतो. लाकडाच्या रेषा तिरप्या असल्या किंवा एकाच बाजूला ओल लागली, की काठीला बाक येतो. म्हणूनच क्यू भिंतीला तिरका टेकवून ठेवू नये, असे जाणकार बजावतात. कोकणपट्टीच्या दमट हवेत तर हे पथ्य अधिकच कडक.

राष्ट्रीय पातळीवर बिलियर्ड्सची बारा अजिंक्यपदे जिंकणाऱ्या जोन्स यांना जागतिक यशासाठी मात्र वाट पाहावी लागली. अखेर १९५८ मध्ये कलकत्त्यात त्यांनी हौशी खेळाडूंचे जगज्जेतेपद जिंकले. क्रिकेट-हॉकीत रमलेल्या देशाला या यशाचे मोल उशिराच उमगले. १९६४ मध्ये न्यूझीलंडमध्ये त्यांनी पुन्हा बाजी मारली. पुढच्याच वर्षी ते पद्मश्रीचे मानकरी ठरले. निवृत्तीनंतर त्यांनी नवोदितांना घडवले. १९९६ मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार लाभला. २००३ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.