विश्लेषण : उशिरा उठणारे देकार्त आणि मेंदूतली अंधार ओळखणारी ग्रंथी

रत्नागिरीजवळच्या मिरजोळे औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करून सकाळी घरी परतणाऱ्याला विचारा. दिवसा लागणारी झोप रात्रीसारखी नसते, हे तो लगेच सांगेल. खिडकी लावली, पडदा ओढला, तरी काही तासांत जाग येते. हा आळस नाही आणि मनाचा कमकुवतपणाही नाही. आपल्या शरीरात दिवस-रात्रीचा हिशेब ठेवणारी यंत्रणा आहे. त्यातला ‘रात्र झाली’ हा निरोप शरीरभर पोहोचवण्याचे काम मेंदूतली पिनियल ग्रंथी करते.

या चिमुकल्या ग्रंथीला जगभर प्रसिद्धी मिळाली ती सतराव्या शतकातील फ्रेंच तत्त्वज्ञ आणि गणितज्ञ रेने देकार्त यांच्यामुळे. तिचे काम त्यांनी चुकीचे सांगितले. पण एक दुवा त्यांना बरोबर दिसला होता. स्वतः देकार्त आयुष्यभर सकाळी उशिरा उठत. पहाटे उठणे भाग पडले, त्याच हिवाळ्यात त्यांचा मृत्यू झाला.

देकार्त कोण होते?

देकार्त यांचा जन्म ३१ मार्च १५९६ रोजी फ्रान्समधील ला हे या गावी झाला. आज त्या गावाचे नावच देकार्त आहे. ते जेमतेम वर्षाचे असताना आई वारली. वडील नोकरीमुळे दूर असत, त्यामुळे ते आजीकडे वाढले. प्रकृती लहानपणापासून नाजूक होती. ला फ्लेश येथील जेझुइट शाळेत इतर मुले पहाटे उठत, पण देकार्त यांना सकाळी अंथरुणात पडून राहण्याची सवलत होती. ती सवय पुढे कधी सुटली नाही. जागे झाल्यावर अंथरुणातच पडून विचार करणे हा त्यांच्या कामाचाच भाग होता.

१६१६ मध्ये त्यांनी पुआतिए येथे कायद्याची पदवी घेतली आणि १६१८ मध्ये ते हॉलंडमध्ये सैन्यात दाखल झाले. १० नोव्हेंबर १६१९ च्या रात्री, जर्मनीतील एका उबदार खोलीत त्यांना लागोपाठ तीन स्वप्ने पडली. ज्ञानाची नवी पद्धत उभी करणे हेच आपले काम, असा अर्थ त्यांनी त्यातून काढला. १६२८ नंतरची सुमारे वीस वर्षे त्यांनी हॉलंडमध्ये काढली. दहावीच्या मुलांना आज शिकवल्या जाणाऱ्या निर्देशक भूमितीचा पाया त्यांच्या १६३७ च्या ग्रंथात आहे.

पिनियल ग्रंथीकडे ते कसे वळले?

अॅमस्टरडॅममध्ये असताना देकार्त खाटकांकडे जात, जनावरांचे अवयव घरी आणत आणि स्वतः चिरून पाहत. त्यांना एक प्रश्न छळत होता. डोळे दोन, कान दोन, मेंदूचे अर्धगोलही दोन. मग आपल्याला एकच चित्र का दिसते? मनात एकच विचार का येतो? म्हणजे सगळे एकत्र येण्याची एखादी जागा असणार. मेंदूच्या मध्यभागी असलेली पिनियल ग्रंथी त्यांना एकटी, जोडीदार नसलेली दिसली. आत्म्याचे मुख्य ठाणे हेच, असे त्यांनी ठरवले.

त्यांच्या मांडणीनुसार दोन्ही डोळ्यांतून आलेला ठसा या ग्रंथीवर उमटतो. मग ग्रंथी किंचित हलते आणि मेंदूतील अतिसूक्ष्म द्रव वेगवेगळ्या मज्जातंतूंत सोडते. त्यामुळे हात उठतो, पाय पळतो.

खरे तर पुरावा त्यांना साथ देत नव्हता. १६३७ च्या सुमारास लायडन येथे एका शवविच्छेदनात ही ग्रंथी पाहायला ते मुद्दाम गेले, पण ती सापडलीच नाही. तिथल्या वृद्ध प्राध्यापकांनीही माणसात ती कधी पाहिली नसल्याचे कबूल केले. शवाचे डोके काही दिवसांनी उघडले जाते म्हणून असे होते, अशी देकार्त यांनी स्वतःची समजूत घातली.

त्यांना चूक कोणी दाखवली?

एक अवघड प्रश्न एका तरुणीने विचारला. बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ १६४३ पासून त्यांच्याशी पत्रव्यवहार करत होती. आत्म्याला आकार नाही, वजन नाही, तर तो शरीराला ढकलतो कसा, असे तिचे म्हणणे होते. तिचे घराणे विस्थापित होते, ती स्वतः आजारी आणि उदास असे. त्यामुळे मनाचे दुःख शरीरात कसे उतरते हा तिच्यासाठी केवळ पुस्तकी प्रश्न नव्हता. देकार्त यांनीही १६४० मध्ये पाच वर्षांची मुलगी फ्रान्सीन गमावली होती. या पत्रव्यवहारातूनच त्यांचा मनोविकारांवरचा ग्रंथ आकाराला आला. तो १६४९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पिनियल ग्रंथीला मध्यवर्ती जागा आहे, मात्र एलिझाबेथच्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर नाही.

देकार्त यांच्या मृत्यूनंतर, १६६५ मध्ये, डॅनिश शरीररचनातज्ज्ञ निकोलस स्टेनो यांनी पॅरिसमधील व्याख्यानात मेंदूची प्रत्यक्ष रचना समजावली. ग्रंथी आजूबाजूच्या भागांना जोडलेली आहे, ती देकार्त म्हणतात तशी इकडेतिकडे हलू शकत नाही, हे त्यांनी दाखवून दिले.

स्टॉकहोममध्ये काय झाले?

स्वीडनची राणी क्रिस्टिना हिला देकार्त यांच्याकडून तत्त्वज्ञान शिकायचे होते. मनाविरुद्धच ते १६४९ च्या ऑक्टोबरमध्ये स्टॉकहोमला पोहोचले. जानेवारी १६५० मध्ये शिकवणी सुरू झाली. राणीने वेळ दिली पहाटे पाचची. जानेवारीत स्टॉकहोमला सूर्य साडेआठच्या सुमारास उगवतो. म्हणजे उजाडायला तीन तासांहून अधिक वेळ असताना, कडाक्याच्या थंडीत, त्यांना राजवाड्यात जावे लागे. ते ज्यांच्या घरी उतरले होते त्या फ्रेंच राजदूतांना न्यूमोनिया झाला होता आणि देकार्त यांनी त्यांची शुश्रूषा केली. राजदूत बरे झाले. देकार्त मात्र ११ फेब्रुवारी १६५० रोजी, वयाच्या ५३ व्या वर्षी, न्यूमोनियानेच गेले.

या मृत्यूचे खापर झोपेवर फोडता येणार नाही. पण उशिरा उठणाऱ्या माणसाच्या शरीरात पहाटे पाचला अजून रात्रच असते, हे आज आपल्याला माहीत आहे. ते कळले पिनियल ग्रंथीमुळेच.

मग ही ग्रंथी खरोखर काय करते?

तुरीच्या दाण्याएवढी ही ग्रंथी अंधार पडल्यावर मेलाटोनिन हे संप्रेरक रक्तात सोडते. १९१७ मध्ये असे आढळले, की पिनियल ग्रंथीचा अर्क दिल्यावर बेडकाच्या पिलांची कातडी फिकट होते. हाच धागा धरून अमेरिकेतील येल विद्यापीठातील त्वचारोगतज्ज्ञ आरॉन लर्नर यांनी गुरांच्या असंख्य ग्रंथींमधून १९५८ मध्ये मेलाटोनिन वेगळे केले. ते शोधत होते त्वचेचे औषध, हाती लागला रात्रीचा निरोप्या.

हा निरोप जातो कसा? डोळ्याच्या पडद्यातील काही खास पेशी चित्र पाहत नाहीत, फक्त उजेड किती आहे ते मोजतात. त्यांची खबर मेंदूतील मुख्य घड्याळाकडे जाते. तिथून मज्जारज्जू आणि मानेतील एका चेतापुंजामार्गे ती पिनियलपर्यंत पोहोचते. डोळ्यांतला प्रकाश या ग्रंथीपर्यंत परिणाम करतो, हा देकार्त यांचा दुवा एवढ्यापुरता बरोबर निघाला. वाट मात्र वेगळी आणि निरोपही वेगळा.

मेलाटोनिन साधारण नेहमीच्या झोपेच्या वेळेआधी दोनेक तास वाढू लागते, मध्यरात्रीनंतर शिखर गाठते आणि सकाळकडे उतरते. उशिरा झोपणाऱ्यांमध्ये हे सगळे चक्रच पुढे सरकलेले असते. लक्षात ठेवण्यासारखे म्हणजे मेलाटोनिन ही झोपेची गुंगी नव्हे. उंदरासारख्या रात्री जागणाऱ्या प्राण्यांतही ते रात्रीच वाढते. ते फक्त सांगते, की बाहेर अंधार आहे.

ग्रंथीला ‘तिसरा डोळा’ म्हणतात, ते खरे आहे का?

काही सरड्यांच्या डोक्यावर पिनियलशी नाते असलेला, थेट प्रकाश टिपणारा अवयव असतो. माणसाची ग्रंथी मात्र कवटीच्या आत खोलवर, पूर्ण काळोखात असते. तिला स्वतःला काहीच दिसत नाही. ती डोळ्यांच्या खबरीवरच चालते.

आपल्यासाठी याचा अर्थ काय?

प्रखर उजेडाने माणसाचे रात्रीचे मेलाटोनिन दबते, हे १९८० मध्ये सिद्ध झाले. निळसर प्रकाश यात जास्त प्रभावी ठरतो. अंथरुणात पडून मोबाइल पाहताना आपण ग्रंथीला अजून संध्याकाळच आहे असे कळवत असतो. झोपेआधी तासभर दिवे मंद ठेवणे, फोन बाजूला ठेवणे आणि सकाळी उठल्यावर अंगणातल्या उजेडात थोडा वेळ काढणे, हे बिनखर्चाचे उपाय आहेत.

रात्रपाळीचा प्रश्न याहून गंभीर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये शरीराचे घड्याळ बिघडवणारी पाळी, आणि २०१९ मध्ये रात्रपाळीचे काम, बहुधा कर्करोगकारक या गटात ठेवले. म्हणून दिवसा झोपणाऱ्यासाठी खोली खरोखर काळोखी असावी आणि घरच्यांनी त्या झोपेला रात्रीच्या झोपेइतकाच मान द्यावा. मेलाटोनिनच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. काही प्रकारच्या झोपेच्या तक्रारींत त्यांचा उपयोग होतो, पण उजेडात बसून घेतलेली गोळी अंधाराची जागा घेत नाही.

देकार्त यांनी या ग्रंथीत आत्मा शोधला, तो तिथे सापडला नाही. सापडला तो आपल्या शरीराचा रात्रीशी असलेला करार. ला फ्लेशच्या शिक्षकांनी एका नाजूक मुलासाठी तो पाळला, स्टॉकहोमच्या दरबारात तो मोडला गेला. पाळी लावणाऱ्यांनी आणि घरातल्यांनीही तो लक्षात ठेवायला हवा.