मिलिंद : ग्रीक राजाचे नाव आपल्या घरात कसे आले?

अमरावती-अकोल्याकडच्या बौद्ध वस्त्यांत मिलिंद नावाचा एखादा तरी माणूस भेटतोच. संस्कृतात मिलिंद म्हणजे भुंगा. पण आपल्या घरांत हे नाव आले ते मिनँडर या ग्रीक राजावरून.

अलेक्झांडरच्या स्वारीनंतर आजच्या अफगाणिस्तानात ग्रीक वसाहती राहिल्या. मायदेश हजारो किलोमीटर दूर पडला. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथानुसार मिनँडरचा जन्मही ग्रीसमधला नाही, तो अलसंद प्रदेशातील कलसी गावचा. इ.स.पू. दुसऱ्या शतकात त्याने राज्य केले. त्याची राजधानी सागल, म्हणजे आजचे पाकिस्तानातील सियालकोट.

त्याच्या नाण्यांच्या एका बाजूला ग्रीक मजकूर आहे, तर दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीतील प्राकृत. बऱ्याच नाण्यांवर अथेना देवी आहे, तर एका प्रकारच्या नाण्यावर आठ आऱ्यांचे चक्र. आपली भाषा न सोडता त्याने इथली भाषा जवळ केली.

ग्रंथ सांगतो, की भिक्खू नागसेनांशी त्याने दीर्घ वाद केला. नागसेनांनी रथाचे उदाहरण देऊन नावामागे कायमचा आत्मा नसतो हे पटवले. शंका फिटल्यावरच राजा उपासक झाला आणि पुढे मुलाकडे राज्य सोपवून भिक्खू झाला. ग्रीक लेखक प्लुटार्क वेगळे सांगतो. राजा छावणीत वारला, नगरांनी त्याची रक्षा वाटून घेतली आणि स्मारके उभारली. तो खरोखर बौद्ध होता का, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. मात्र यवन बौद्ध होते याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील एक लेणे धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त या यवनाने कोरवून घेतले. वंश ग्रीक, नाव इथले, दान संघाला.

बाबासाहेबांनी 1950 मध्ये औरंगाबादला सुरू केलेले महाविद्यालय मिलिंदच्या नावाने ओळखले जाते आणि त्याचा परिसर नागसेनवन म्हणून. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा, दोघेही तिथे शेजारी आहेत.

1956 ला धम्म स्वीकारला म्हणून तुमची संस्कृती कोणती, असे आजही आपल्या मुलांना विचारले जाते. मिलिंदची कथा त्यावर उत्तर देते. ओळख फक्त जन्माने मिळत नाही, ती विचारपूर्वक स्वीकारताही येते. मात्र त्यासाठी आधी त्याच्यासारखे प्रश्न विचारावे लागतात. आपल्या विहारांत तरुणांना तशी मुभा आहे का, हे आपणच तपासून पाहू या.