चहाचा रंग पाहणारा वैमानिक

जे. आर. डी. टाटा म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे कारखाने उभे राहतात. मला मात्र विमानातल्या चहाचा रंग पाहणारे जे. आर. डी. अधिक जवळचे वाटतात.

त्यांचा जन्म १९०४ साली पॅरिसला झाला. इंग्लिश खाडी विमानाने प्रथम ओलांडणारा ब्लेरिओ हा त्यांचा फ्रान्सच्या किनाऱ्यावरील शेजारी. उड्डाणाचे वेड तिथलेच. १९२९ मध्ये भारतातला पहिला वैमानिक परवाना त्यांनी मिळवला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टपाल घेऊन, छोट्याशा एकइंजिनी विमानातून ते एकटे कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. जून १९४८ मध्ये त्यांच्या कंपनीचे विमान लंडनला पोहोचले.

प्रवासात ते बारीकसारीक टिपणे काढीत. चहा कॉफीसारखा काळा झाला, तर तेही लिहीत. पाहुण्यापुढे कप ठेवण्याआधी घरची गृहिणी त्यात डोकावते, तीच ही नजर!

१९५३ साली सरकारने कंपनी ताब्यात घेतली. ते त्यांना रुचले नव्हते. तरीही अध्यक्ष म्हणून १९७८ मध्ये दूर केले जाईपर्यंत ते विनावेतन राबले. १९९३ साली ते निवर्तले. घराची मालकी गेल्यावरही पाहुणचारात उणे पडू न देणारा यजमान विरळाच.