पक्ष्यांच्या पायातील पत्ता

हिवाळ्यात एखाद्या मोठ्या तलावावर तुम्ही बदकांचे थवे पाहिले असतील. उन्हाळा आला की त्यांतली बरीच बदके दिसेनाशी होतात. ती कोठून येतात? कोठे जातात? एकूण किती असतात? आज या प्रश्नांची उत्तरे पुस्तकांत सापडतात. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र ती फारशी कोणाला ठाऊक नव्हती. ही उत्तरे शोधण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांच्यापैकी एक म्हणजे कॅनडातील जॅक मायनर. ते शास्त्रज्ञ नव्हते. नवलाची गोष्ट अशी, की ते स्वतः शिकारी होते आणि त्यांना उत्तरे मिळवून देणारेही शिकारीच होते.

जॅकचा जन्म १० एप्रिल १८६५ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात झाला. १८७८ साली हे कुटुंब कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात आले आणि ईरी सरोवराच्या काठी किंग्जव्हिल गावाजवळ राहू लागले. जॅक तेव्हा तेरा वर्षांचा होता. शाळेचे शिक्षण त्याच्या वाट्याला जवळजवळ आलेच नाही. रान हीच त्याची शाळा झाली. पक्ष्यांच्या सवयी, प्राण्यांच्या वाटा, वाऱ्याची दिशा हे सारे तो तेथेच शिकला. घरखर्चाला हातभार लावण्यासाठी तो शिकार करी आणि ती बाजारात विकी. वयाची तेहेतीस वर्षे होईपर्यंत त्याला लिहिता-वाचता येत नव्हते.

त्या काळी पक्ष्यांची शिकार हा मोठा धंदा होता. पक्षी कितीही मारले तरी ते संपणार नाहीत, असे लोकांना वाटे. उत्तर अमेरिकेत प्रवासी कबुतर नावाचा पक्षी होता. त्याचे थवे आकाशातून जाऊ लागले की सूर्य झाकला जाई. या पक्ष्यांची संख्या अब्जावधी होती. तरीही बाजारासाठी झालेली बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांमुळे ते नाहीसे झाले. या जातीचा शेवटचा पक्षी १ सप्टेंबर १९१४ रोजी पिंजऱ्यात मेला. तो मेला ते सिनसिनाटी शहर ओहायो राज्यातच आहे. जॅक मायनर ज्या राज्यात जन्मले, त्याच राज्यात ही जात संपली.

मायनर यांना ही घट आधीच जाणवू लागली होती. आपल्या भागातील लावे पक्षी कडाक्याच्या थंडीत उपासमारीने मरतात, हे त्यांनी पाहिले. त्यांनी झाडाझुडपांच्या फांद्यांचे आडोसे उभारले आणि तेथे धान्य ठेवले. मग त्यांचे लक्ष रानहंसांकडे गेले. वसंत ऋतूत हे हंस दक्षिणेकडून येत आणि उत्तरेकडे निघून जात. १९०४ साली मायनर यांनी आपल्या जमिनीवर एक तळे तयार केले. पंख छाटलेले सात पाळीव हंस त्यांनी त्यात सोडले. त्यांना पाहून रानहंस खाली उतरतील, अशी त्यांची आशा होती. एक वर्ष गेले, दोन गेली, तीन गेली. रानहंस आले नाहीत. मायनर यांनी धीर सोडला नाही. चौथ्या वर्षी रानहंस त्या तळ्यावर उतरले. पुढे त्यांची संख्या इतकी वाढली, की तळे मोठे करावे लागले.

पक्षी आले, पण ते जातात कोठे? हे कळावे म्हणून मायनर यांनी एक साधी युक्ती केली. ऑगस्ट १९०९ मध्ये त्यांनी एका रानबदकाच्या पायात धातूचे हलके कडे अडकवले. त्या कड्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने आपला पत्ता उमटवला होता. बदक उडून गेले. जानेवारी १९१० मध्ये ते दक्षिण कॅरोलिना राज्यातील अँडरसन येथे एका डॉक्टरांच्या बंदुकीला बळी पडले. त्या डॉक्टरांनी कड्यावरचा पत्ता वाचला आणि मायनर यांना तसे कळवले. ते ठिकाण किंग्जव्हिलपासून ८०० किलोमीटरहून अधिक दूर आहे. ते बदक हिवाळ्यात कोठे गेले, याचा पुरावा मायनर यांच्या हाती आला.

१९१५ पासून मायनर रानहंसांच्या पायांतही कडी घालू लागले. ते श्रद्धाळू होते, म्हणून पत्त्याबरोबर बायबलमधील एखादे लहानसे वचनही ते कड्यावर उमटवत. दक्षिणेकडच्या शिकाऱ्यांची पत्रे येऊ लागली. उत्तरेला हडसन उपसागराच्या थंड मुलखातूनही कडी परत येऊ लागली. तेथील आदिवासी शिकाऱ्यांना हंसाच्या पायात कडे मिळाले, की ते त्यावरचा मजकूर वाचून घेण्यासाठी मिशनऱ्याकडे नेत. तेथून ती कडी किंग्जव्हिलला पोहोचत. अशा रीतीने हंसांचा मार्ग नकाशावर उमटू लागला.

आता यातली एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. पक्षी मेल्याशिवाय किंवा पुन्हा पकडल्याशिवाय कडे सहसा हाती येत नाही. कडे ज्याच्या हाती पडे तो बहुतेक वेळा शिकारी असे. त्याने ते फेकून दिले असते किंवा आठवण म्हणून खिशात ठेवले असते, तर कोणी विचारणार नव्हते. म्हणजे सारे काम त्याच्या प्रामाणिकपणावर अवलंबून होते.

हा प्रामाणिकपणा किती मोलाचा, हे एका हिशोबावरून समजेल. १९३० साली फ्रेडरिक लिंकन या अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञाने कड्यांच्या आधारे बदकांची संख्या काढण्याची रीत मांडली. समजा, एका तलावावरील १०० बदकांना कडी घातली आणि सोडून दिले. पुढे शिकाऱ्यांनी तेथील ५० बदके मारली. त्यांतल्या ५ बदकांच्या पायांत कडी निघाली. म्हणजे दर १० बदकांत एक कडेवाले. कडेवाली बदके एकूण १००, म्हणून तलावावर सुमारे १,००० बदके असावीत. पण त्या पाच कड्यांपैकी चार कडी शिकाऱ्यांनी लपवली तर? मग ५० बदकांत एकच कडेवाले दिसेल आणि हिशोब ५,००० बदकांचा निघेल. सरकारला वाटेल, बदके भरपूर आहेत. शिकारीला जास्त सूट मिळेल आणि तलाव रिकामा होईल. पाहा, चार कडी खिशात राहिली तर केवढा अनर्थ होऊ शकतो!

मायनर गावोगावी फिरून व्याख्याने देत. पक्ष्यांना देशांच्या हद्दी नसतात, म्हणून त्यांना दोन्ही देशांनी मिळून जपले पाहिजे, ही गोष्ट आता लोकांना पटू लागली होती. १९१६ साली अमेरिका आणि कॅनडाच्या वतीने ब्रिटन यांच्यात स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या रक्षणासाठी करार झाला. १९१७ साली ऑन्टॅरिओ सरकारने मायनर यांची जागा व आसपासचा भाग राखीव म्हणून जाहीर केला.

मायनर यांचे सगळेच विचार आज पटणारे नाहीत. ससाणे आणि घुबडे यांना ते पक्ष्यांचे शत्रू समजत व मारत. हे शिकारी पक्षीही निसर्गाला हवेच असतात, हे आज आपल्याला माहीत आहे. तरीही त्यांचे काम मोठे होते. १९४३ साली ब्रिटनच्या राजाने त्यांना सन्मान दिला. ३ नोव्हेंबर १९४४ रोजी त्यांचे निधन झाले. १९४७ साली कॅनडाच्या संसदेने कायदा करून त्यांच्या जन्मदिवसाचा आठवडा वन्यजीव सप्ताह म्हणून ठरवला.

ही रीत आपल्या देशातही आली. १९२७ च्या सुमारास मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने धार संस्थानच्या मदतीने बदकांना कडी घालण्याचे काम सुरू केले. पुढे डॉ. सालिम अली यांनी हे काम फार वाढवले. आता भारतात वन्य पक्ष्यांच्या शिकारीला कायद्याने बंदी आहे. १९८७ पासून दर जानेवारीत पक्षिप्रेमी तलावांवर जाऊन पाणपक्ष्यांची गणना करतात. त्यांच्या हाती बंदुकीऐवजी दुर्बीण असते, पण नियम तोच आहे. जे दिसले तेवढेच लिहायचे, आणि जे मिळाले ते कळवायचे. तेहेतीस वर्षांपर्यंत ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्या जॅक मायनर यांनी लोकांना हीच सवय लावली. तुम्हांला कधी एखाद्या मेलेल्या पक्ष्याच्या पायात कडे दिसले, तर त्याला हात न लावता ते शिक्षकांना दाखवा, त्यावरचा मजकूर उतरवून घ्या आणि दिलेल्या पत्त्यावर खबर पाठवा. तुमच्या पत्रामुळे कोण जाणे, एका थव्याची वाट नकाशावर येईल.